वार्षिक पुरस्कार देताना या चुका टाळा

सांगली जिल्ह्यात पुरस्कारांना तोटा नाही. गणेश मंडळ, पतसंस्था, वाचनालय, तालीम, माजी विद्यार्थी संघ, प्रत्येकाचा वर्षातून एक तरी सत्कार समारंभ ठरलेला असतो. तरीही एखाद्या वाडीवर जाऊन "तुमच्याकडं खरं काम कोण करतं?" असं विचारलं, तर पुढं येणारं नाव बहुतेक वेळा कुठल्याच सन्मानचिन्हावर सापडत नाही. हे बदलता येतं. त्याला मोठं बजेट लागत नाही, निवडीला वेळ द्यावा लागतो. आपला सगळा वेळ मात्र मांडव, निमंत्रणपत्रिका आणि पाहुण्यांच्या तारखा जुळवण्यात जातो.

अर्ज मागवून गप्प बसणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच. पेपरात निवेदन द्यायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवायचा आणि शेवटच्या तारखेची वाट बघायची. अर्ज येतात ते फाइल तयार ठेवणाऱ्यांचे. कात्रणं, फोटो, आधीची प्रमाणपत्रं, सगळं बाइंडिंग करून. जत तालुक्यात उन्हाळ्यात टँकर आल्यावर भांडण होऊ न देता पाणी वाटून देणाऱ्या मावशी अशी फाइल करत नाहीत. त्यांना स्वतःबद्दल लिहायचाच संकोच वाटतो.

म्हणून नाव दुसऱ्यानं सुचवावं. पद्म पुरस्कारांसाठीही कुणीही नागरिक दुसऱ्याचं नाव पाठवू शकतो, मग तालुक्याच्या पुरस्काराला काय अडचण आहे? आशाताई, अंगणवाडीसेविका, एसटीचे वाहक, दूध संकलन केंद्रावरचा माणूस, पोस्टमन, वाचनालयाचे ग्रंथपाल यांना समक्ष भेटून विचारा. सुचवण्याचा फॉर्म एका पानाचा ठेवा: काम काय, कुठं, कधीपासून, आणि त्या कामाचा उपयोग झालेल्या दोघांचे फोन नंबर. फोटो आणि कात्रणं मागूच नका.

नावं आली नाहीत तर नुसती मुदत वाढवून काही होत नाही. गावं वाटून घ्या आणि समितीतल्या प्रत्येकानं आपापल्या गावांत जाऊन यावं.

सगळ्यांना एकच माप लावणं

स्वयंसेवक, संशोधक वृत्तीचा माणूस आणि नेतृत्व करणारा, या तिघांची कामं वेगळी, म्हणून निकषही वेगळे हवेत. 'समाजभूषण' म्हटलं की तिघंही एका रांगेत येतात आणि ज्याचं नाव मोठं तो निवडला जातो. स्वयंसेवकाचं सातत्य बघा. नेतृत्व बघताना तो माणूस महिनाभर गावात नसला तरी काम चालू राहतं का, हे विचारा.

कुणाला पुरस्कार मिळणार नाही, हेही आधीच लिहून ठेवा. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर सेवेत असलेले सरकारी कर्मचारी पद्म पुरस्कारांना पात्र नसतात. तुम्हीही तसं ठरवा: सध्या निवडून आलेले, निवडणुकीला उभे राहणारे, देणगीदार आणि निवड समितीतल्यांचे पाव्हणे यांना बाजूला ठेवायचं. नात्यातलं नाव चर्चेला आलंच तर त्या सदस्यानं बैठकीतून उठावं आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. हे न केल्यामुळं चांगल्या निवडीवरही लोक शंका घेतात आणि त्यात ज्याचा सन्मान झाला त्या माणसाला त्रास होतो.

यंत्र न बघता 'संशोधक' ठरवणं

इथं जरा थांबून विचार करायला हवा. नवं काही केलं म्हणजे यंत्रच केलं, असा आपला समज असतो. थॉम्पसन सीडलेस या जुन्या जातीतून निवडलेला 'तास-ए-गणेश' हा द्राक्षाचा वाण तासगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या बागेतून आला. वेगळी वाढणारी वेल नजरेनं टिपून ती जपणं हेही संशोधनच. छाटणीची रीत, बेदाणा सुकवण्यातली सुधारणा, शाळेत गणित शिकवायचं घरगुती साहित्य, हे सगळं यात धरा.

पण निवडण्याआधी ती वस्तू चालताना बघा. शेजारचे दोन शेतकरी ती खरोखर वापरतात का, बिघडली तर दुरुस्त कोण करतं, मूळ कल्पना कुणाची, हे शेतावर किंवा वर्कशॉपवर जाऊन विचारा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पेटंटची. अर्ज करण्याआधी यंत्राची आतली रचना जाहीर झाली, तर 'हे आधीच माहीत होतं' या कारणावरून पेटंट अडकू शकतं. म्हणजे तुमच्या स्मरणिकेत छापलेला आराखडा किंवा स्टेजवरचं प्रात्यक्षिक त्या माणसाच्या मुळावर येऊ शकतं. आधी त्याला विचारा. पेटंट घ्यायचं असेल तर तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज पहिल्यांदा भरता येतो, आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. तोवर मानपत्रात यंत्राचा उपयोग लिहा, रचना लिहू नका.

गटाचं काम एकाच्या गळ्यात घालणं

2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांत माणसं, जनावरं बाहेर काढणारे, जेवण पोचवणारे, नंतर घराघरातला गाळ उपसणारे हात कितीतरी होते. सत्काराला मात्र एकच फेटा बांधला की बाकीचे पुढच्या वेळी दोन पावलं मागं राहतात. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं उदाहरण बघा. सातारा जिल्ह्यातल्या वेळूला 2016 साली आणि माण तालुक्यातल्या टाकेवाडीला 2018 साली पहिला क्रमांक मिळाला, तो गावाला मिळाला. गटाला पुरस्कार द्यायचा तर सन्मानचिन्हावर सगळी नावं कोरा. जागा पुरत नसेल तर चिन्ह मोठं करा.

पुरातल्या कामाचं मोल करताना आणखी एक बघा. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट 2019 मध्ये बोट उलटून माणसं गेली. लाइफ जॅकेट, बोटीत किती जण बसवायचे याचा नियम, पोहणाऱ्यांचं प्रशिक्षण, ही तयारी आधीपासून करणाऱ्या गटाचा सन्मान आवर्जून करा.

मानपत्रात नुसती विशेषणं

'आपण समाजकार्याचा अखंड वसा घेतलेला आहे' हे वाक्य कुणालाही लागू पडतं. 'दर रविवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरी पोचवता' हे एकाच माणसाला लागू पडतं. मजकूर छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. नाव कसं लिहायचं, तेही त्यांनाच विचारा, विशेषतः बायकांना. माहेरचं, सासरचं की नुसतं स्वतःचं, हे त्यांनी ठरवायचं.

समारंभ

तारीख दरवर्षी एकच हवी. सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी देतात, त्यामुळं नाट्यरसिकांना वेगळं सांगावं लागत नाही. तुमची तारीख ठरवताना द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, ऊसतोड आणि पुराचे महिने टाळा. आधी पुरस्कार, मग भाषणं, हा क्रम ठेवा. पाहुणे उशिरा आले तरी सत्कार वेळेवर सुरू करा. सत्कारमूर्तींकडून नोंदणी फी किंवा जाहिरात घेणं तर कुठल्याही परिस्थितीत नको. रोख रक्कम असेल तर ती त्यांच्या खात्यावर जमा करा.

तरीही काही अडलं तर

कुणी "मला नको" म्हणालं तर आग्रह करू नका. पुरस्काराऐवजी त्यांच्या कामाला काय हवं ते विचारा. जाहीर केल्यावर तक्रार आली तर ती लेखी घ्या, दोघांना पाठवून शहानिशा करा आणि तोवर छपाई थांबवा. एखाद्या प्रकारच्या पुरस्काराला योग्य नाव मिळालं नाही, तर त्या वर्षी तो पुरस्कार देऊ नका आणि तसं जाहीरपणे सांगा. आणि पुढच्या वर्षीच्या निवड समितीत यंदाच्या मानकऱ्यांपैकी दोघांना घ्या. न दिसणारी माणसं कुठं असतात, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.