शिसं-कॅडमियमचं काम करणाऱ्यांनी काय खावं, कसं खावं

कोल्हापुरात गुजरीत कॅडमियमची झाळ मारणारे (म्हणजे दागिन्यांचे सांधे वितळलेल्या धातूनं जोडणारे), हुपरीला घरातच चांदीचं काम करणारे, उद्यमनगरात पितळ ओतणारे आणि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारे, तुमच्यासाठी लिहितोय. आवळा खा, लसूण खा, कोथिंबिरीचा रस प्या, सगळं शिसं बाहेर पडतं असले मेसेज लई फिरतात. खाण्याचा उपयोग होतो, नक्की होतो, पण तो मुख्यतः धातू पोटातनं रक्तात कमी जावा म्हणून. हाडात जाऊन बसलेलं शिसं तिथं वीस-तीस वर्षं राहू शकतं, मूत्रपिंडातलं कॅडमियमपण तसंच, ते कुठल्या रसानं धुऊन निघत नाही.

पहिलं म्हणजे चहा-खारीवर कामाला जाऊ नका. उपाशी पोटी गिळलेल्या शिशातलं निम्म्याच्या आसपास अंगात शोषलं जाऊ शकतं, जेवणाबरोबर तेच १० टक्क्यांच्या आत येतं, फरक एवढा मोठा आहे. नाचणीची आंबील, भाकरी, दही, मटकीची उसळ असं काहीतरी पोटात घालूनच निघा. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि शरीरात कॅल्शियम आणि लोह कमी पडलं की आतडं ते जास्त ओढायला लागतं आणि त्याच दारानं शिसं-कॅडमियमपण आत घुसतं. म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या, घरातल्या बायका-पोरांचंपण, कारण बारकी पोरं गिळलेल्या शिशातलं ४० ते ५० टक्के शोषून घेतात. लोहाच्या गोळ्या मात्र मनानं सुरू करायच्या नाहीत, आणि डॉक्टरांनी दिल्याच तर कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन्हीत अंतर ठेवा. खाण्यातलं लोह अंगाला लागावं म्हणून जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. लिंबू उसळीवर खाली उतरवल्यावर पिळा, उकळून त्यातलं क जीवनसत्त्व घालवू नका.

लसणावर माणसांवर झालेला अभ्यास आहे. इराणमधल्या कार बॅटरी कारखान्याच्या कामगारांना चार आठवडे लसणाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटाला पेनिसिलामाइन हे शिसं बाहेर काढायचं औषध दिलं, आणि रक्तातलं शिसं दोन्हीकडं साधारण सारखंच उतरलं, २०१२ ला ते छापून आलं. पण ती सौम्य विषबाधा होती, जास्त चढलेल्याला लसणावर ठेवायचं नाही. घरी खाताना लसूण ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, मग वापरा, लगेच तेलात टाकला तर ॲलिसिन, म्हणजे लसणातला मुख्य गुणाचा घटक, पुरेसा तयार होत नाही. क जीवनसत्त्वाचं म्हणाल तर १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम घेणाऱ्या सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं रक्तातलं शिसं आठवड्यात खूप खाली आलं, २०० मिलिग्रॅमनं काही झालं नाही, पण त्यांच्यात शिसं मुळातच कमी होतं. रोज भट्टीपुढं उभं राहणाऱ्याला तसंच होईल असं धरून चालू नका, आणि मुतखडा असेल तर एवढा डोस नकोच. रोज एक आवळा बरा. कोथिंबीर, शेवगा यांचे जे प्रयोग सांगतात ते बहुतेक उंदरांवरचे आहेत. भाजी म्हणून जरूर खा, औषध म्हणून भरवसा टाकू नका.

दूध आणि गूळ खाल्ला की धूर बाधत नाही असं सगळ्या शॉपमध्ये सांगतात. दुधातलं कॅल्शियम पोटात गेलेल्या शिशावर थोडं काम करतं, पण धूर जातो फुफ्फुसात, तिथं दूध पोचत नाही. कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं, म्हणजे कॅडमियमची झाळ मारताना त्याचा धूर निघतोच, त्यासाठी बिनकॅडमियमची झाळ, एक्झॉस्ट आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क लागतो, रुमाल बांधून भागत नाही. कामाच्या जागी डबा उघडू नका, साबणानं हात धुवा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा, कपडे बदलून मगच पोरांना जवळ घ्या, ते कपडे वेगळे धुवा. बिडी-सिगारेट सोडा, तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतं.

अंगातलं विष काढतो म्हणून कोण भस्म देत असेल तर घेऊ नका. २००८ ला अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

रक्तातलं शिसं तपासायला डॉक्टरांना ब्लड लेड असंच सांगा, कॅडमियमसाठी रक्त आणि लघवी दोन्ही. मोठ्या माणसातपण ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधायचं. पोरांमध्ये ४५ च्या वर गेलं तर धातू बाहेर काढायची औषधं लागतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. काम बदललं किंवा धूर बंद केला की एक-दोन महिन्यांनी परत तपासा, रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्मं होतं, उतरलं नाही तर शिसं अजून कुठून तरी येतंय, नाहीतर वर्षानुवर्षं हाडात साठलेलं परत रक्तात उतरतंय.

आणि झाळीचा धूर लागल्यावर काही तासांनी थंडी-ताप, छातीत दाटणं, दम लागणं सुरू झालं तर साधा फ्लू समजून झोपू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा आणि कॅडमियमचं काम करतो हे पहिल्यांदा सांगा.