संत्र्याची कलमं घेताना उंची नको, डोळ्याचा मातृवृक्ष विचारा

मृगाच्या तोंडावर काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे संत्रा कलमांचे सौदे होतात. भाव होतो, उंची पाहिली जाते. डोळा (खुंटावर बसवलेली कळी) कोणत्या झाडाचा, म्हणजे त्याचा मातृवृक्ष कोणता, हे कुणी विचारत नाही आणि बाग तिथेच बसते. झाड वाळवणारा ट्रिस्टेझा विषाणू डोळकाडीतून (डोळे काढायच्या फांदीतून) येतो. पानं पिवळी पाडणारा ग्रीनिंग रोगही तसाच येतो, मात्र तो जिवाणूजन्य आहे. लागण झालेलं कलम रोपवाटिकेत हिरवंगार दिसू शकतं, म्हणून नुसतं रूप पाहून घेऊ नका. मातृवृक्षाची विषाणू तपासणी झाल्याचा कागद मागा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमं तयार होतात. मागणी आधी नोंदवा.

उभ्या बागेत पानं नीट पाहा. जस्ताच्या कमतरतेत मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखाच असतो, ग्रीनिंगमध्ये चट्टे वेडेवाकडे, एका बाजूला एक तर दुसऱ्या बाजूला भलतेच. शंका असेल तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम चुना घेऊन फवारा. पुढची नवती (नवी पालवी) हिरवी आली तर प्रश्न जस्ताचा होता. ट्रिस्टेझासाठी फांदीची साल सोलून खालचं लाकूड पाहा: खड्डे किंवा खाचा दिसल्या की संशय घ्या आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. आमचा एक ठोकताळा, शास्त्रीय नाही: बाकी बाग शांत असताना एकच झाड अवेळी फुलांनी लदलं आणि फळं बोरासारखी राहिली, तर त्यावरून डोळा घेऊ नका.

‘व्हायरसवर औषध’ म्हणून दुकानात मिळणाऱ्या महागड्या टॉनिकवर पैसे घालू नका. लागलेला विषाणू कोणत्याही फवारणीने निघत नाही. फवारा मारायचा तो पसरवणाऱ्या किडीवर. मावा ट्रिस्टेझा नेतो, सायला (रस शोषणारी बारीक उडणारी कीड) ग्रीनिंग. नवती बोटभर असतानाच निंबोळी अर्क 5 टक्के. कीड जास्त असेल तर इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल, 10 लिटरला 5 मिली. मृगाची फुलं उमलली असतील तर हे कीटकनाशक नको, मधमाश्या मरतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा शोधा. बांधावरच्या कढीपत्त्यावरही सायला राहतो, त्याला विसरू नका.

नेहमीची कामं:
- खड्डे 75 × 75 × 75 सेंमी, अंतर 6 × 6 मीटर
- खड्ड्याला शेणखत 20 किलो
- पाणी निघायला उताराच्या दिशेने चर
- डोळ्याचा सांधा जमिनीपासून वीतभर वर
- खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर)
- सल (वाळलेल्या फांद्या) काढताना प्रत्येक झाडानंतर कात्री 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवणे

तपासणीत ग्रीनिंग पक्कं ठरलेलं झाड ठेवू नका. आधी त्यावर कीटकनाशक मारा, नाहीतर तोडताना सायला उडून शेजारच्या झाडावर बसेल. मग मुळासकट काढा. बुंधा राहिला तर त्याला फुटलेल्या धुमाऱ्यांवर तीच कीड पोसते.