सब-पॅनलची वायर निवडताना या चुका टाळा

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, असतो वायरीला वाचवायला. तरीही सब-पॅनलचा (मेन बोर्डापासून पुढे काढलेल्या छोट्या बोर्डाचा) ३२ अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून ४० चा बसवणारे बरेच जण भेटतात. मग ट्रिपिंग थांबतं, पण वायर जुनीच असते आणि ती भिंतीच्या आत तापत राहते. आधी एकाच वेळी चालणारा लोड धरा, त्याला पुरेल असा एमसीबी घ्या, आणि त्या एमसीबीच्या रेटिंगपेक्षा कमी क्षमतेची वायर कधीही ओढू नका.

ती क्षमता, म्हणजे वायर किती करंट पेलते तो आकडा, वायरींच्या तक्त्यातून जशीच्या तशी उचलणं ही दुसरी चूक, आणि ती जाणकारांकडूनही होते. पाइपातल्या ६ चौरस मिमी तांब्याच्या पीव्हीसी वायरीला तक्ता सुमारे ४१ अँपिअर देतो. पण ते ३० अंश तापमानाला, आणि पाइपात तेवढं एकच सर्किट असेल तर. छताजवळ ४० अंश धरले तर ०.८७ ने गुणा, शेजारी पूर्ण लोडवर चालणारं दुसरं सर्किट असेल तर आणखी ०.८ ने. उरतात साधारण २८ अँपिअर. म्हणजे ३२ च्या एमसीबीला ही वायर पुरत नाही, १० चौरस मिमी घ्यावी लागते.

अंतराचा हिशेब तर बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. सिंगल फेज २३० व्होल्ट, ३० मीटर अंतर आणि ३२ अँपिअर लोड असेल, तर ४ चौरस मिमीच्या गरम वायरीत सुमारे १० व्होल्ट गळतात. १० चौरस मिमीत साधारण ४. तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे ७ व्होल्टच्या खाली राहिलेलं बरं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, त्यामुळे तिथे किमान एक माप वर जा.

सिंगल फेजला न्यूट्रल फेजच्याच मापाची हवी. अर्थिंगची वायरही १६ चौरस मिमीपर्यंत त्याच मापाची ठेवतात. सब-पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्या पट्ट्या मात्र एकमेकींना जोडू नका.

गीझर लावला की दिवे मंद होतात? इलेक्ट्रिशियनकडून लोड चालू असताना मेनजवळ आणि सब-पॅनलवर व्होल्टेज मोजून घ्या. फरक वरच्या हिशेबाएवढाच, पण ७ व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायर बारीक आहे. फरक त्याहून बराच जास्त असेल, दिवे लुकलुकत असतील किंवा एकाच टर्मिनलजवळचं प्लॅस्टिक काळवंडलं असेल, तर बहुधा सांधा ढिला आहे. जाड वायर ओढून तो बरा होत नाही. मेन बंद करून जळका भाग कापायचा, नवीन लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) क्रिम्प करायचा, म्हणजे दाबून घट्ट बसवायचा, आणि स्क्रू नीट आवळायचा.

थ्री-फेज सब-पॅनलवर काही दिवे मंद आणि काही एकदम प्रखर झाले, तर न्यूट्रल तुटल्याचा संशय घ्या. अशा वेळी मोजत बसू नका, आधी मेन पाडा. टीव्ही-फ्रिजपर्यंत २३० पेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट पोहोचत असू शकतात.