बिनखटक्याचा हिगोनोकामी: कुठे बाळगता येतो आणि कसा टिकवायचा

हिगोनोकामी हा जपानी घडीचा चाकू पहिल्यांदा हातात घेणारा माणूस खटका शोधतो, आणि तो सापडत नाही. स्प्रिंग नाही, उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी कळही नाही. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं आणि दोन्हींतून आरपार गेलेला एक रिव्हेट, एवढाच ऐवज. पात्याच्या मागच्या टोकाला शेपटीसारखा एक दांडा बाहेर आलेला असतो, जपानीत त्याला चिकिरी म्हणतात. अंगठ्याने तो दाबून चाकू उघडायचा आणि कापत असताना अंगठा तिथेच ठेवायचा. तुमचा अंगठा हीच या चाकूची कळ. बऱ्याच देशांच्या कायद्यातून तो सुटतो तो यामुळे, आणि गाफील राहिलात तर बोटावर मिटतो तोही यामुळेच.

जपानच्या ह्योगो प्रांतातलं मिकी हे सुतारकामाच्या हत्यारांसाठी नावाजलेलं शहर. तिथे १८९० च्या दशकात हा चाकू बनू लागला. नावाचा अर्थ ‘हिगोचा अधिपती’. हिगो म्हणजे आजचं कुमामोतो. पेन्सिलीला टोक करायला जपानी शाळकरी मुलांकडे हाच असे. १९६० मध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत हत्या झाली. हत्यार होतं आखूड तलवार, पण त्यानंतर मुलांच्या हाती पातंच नको अशी मोहीम निघाली आणि हिगोनोकामीही त्यांच्या हातून गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी.

आधी मोजा, मग खिशात घाला

व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, नाहीतर स्टीलची पट्टी. चार मापं लिहून ठेवा: टोकापासून मुठीच्या कडेपर्यंत पात्याची लांबी, फक्त धारेची लांबी, पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी. वेगवेगळे देश वेगवेगळं माप धरतात, म्हणून चारही लागतात. हा चाकू साधारण ५ ते १० सें.मी. पात्याच्या मापांत मिळतो. सगळ्यांना एकच नियम लागत नाही.

खुद्द जपानचा नियम बारकाईने वाचण्यासारखा आहे. तिथल्या १९५८ च्या बंदुका-तलवारींच्या कायद्याप्रमाणे ६ सें.मी.पेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड. घडीच्या चाकूला यात सवलत आहे, पण अटी चार: पातं ८ सें.मी.पर्यंत, रुंदी १.५ सें.मी.पर्यंत, जाडी २.५ मि.मी.पर्यंत आणि उघडलेलं पातं अडकवणारी यंत्रणा नको. चौथी अट हिगोनोकामी जन्मतःच पाळतो. घोटाळा होतो तो जाडीत. पाठ ३ मि.मी. भरली, तर लांबी बसूनही सवलत जाते. पातं ६ सें.मी.पेक्षा लहान असलं तरी विनाकारण लपवून बाळगणं किरकोळ गुन्ह्यांच्या वेगळ्या कायद्यात येतं, आणि ‘स्वसंरक्षणासाठी’ हे कारण तिथे चालत नाही. टोकियोत नोकरीला असाल तर सहलीला नेताना तो बॅगेच्या तळाशी गुंडाळून ठेवा आणि घरी आल्यावर काढून ठेवा. ‘असू दे बॅगेत’ ही सवय महागात पडते.

ब्रिटनमध्ये हिशोब सोपा आहे. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९ प्रमाणे, धार ३ इंचांपर्यंत म्हणजे ७.६२ सें.मी.पर्यंत असलेला घडीचा खिशातला चाकू कारण न देता बाळगता येतो. कळ लागून पातं अडकणारा चाकू या सवलतीत बसत नाही, हे १९९३ च्या हॅरिस खटल्यात ठरलं. त्यामुळे जाडजूड दिसणारा हिगोनोकामी इथे चालतो आणि शेजारचा नाजूक पण कळीचा चाकू चालत नाही. इजा करायच्या इराद्याने बाळगलेली वस्तू मात्र कोणत्याही मापाची असो, गुन्हाच.

जर्मनीत एका हाताने उघडून अडकणारे चाकू बाळगायला बंदी आहे, त्यात हा येत नाही. पण ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर जत्रा-उत्सवांच्या ठिकाणी आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये चाकूंवरच निर्बंध आहेत.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांतली ओळखीची मर्यादा ९ इंच लांब किंवा २ इंच रुंद पात्याची. घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. हिगोनोकामी या मापाच्या आसपासही जात नाही. तरी दोन ठिकाणी सांभाळा. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेत बटणदार, गरारीदार (दातेरी खटक्याच्या) आणि यंत्रणेने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चाकूंसाठी ७.६२ सें.मी. लांबी आणि १.७२ सें.मी. रुंदी ही मर्यादा दिली आहे. चिकिरी ही यंत्रणा नव्हे, तो पात्याचाच भाग आहे. पण हा वाद नाकाबंदीत घालण्यापेक्षा आखूड पात्याचा चाकू घेतलेला बरा. महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यांत चाकू आणि काठ्यासुद्धा येतात. सण, निवडणूक, मोर्चा यांच्या दिवसांत आदेश लागू असेल तर मापाचा प्रश्नच उरत नाही. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका.

नवा घेत असाल आणि प्रवास खूप असेल, तर पातं ६ सें.मी.च्या आतलं आणि पाठ २.५ मि.मी.च्या आतली निवडा. मोठा घरी राहू द्या.

रिव्हेट: सगळं याच्यावर

पातं जागेवर राहतं ते रिव्हेटच्या घर्षणाने. आडकित्त्याचा खिळा ढिला झाला की सुपारी दोन पात्यांत तिरकी होते, तसंच इथे. तपासायला पातं अर्धं उघडा, चाकू उभा धरा आणि मनगटाला हलका झटका द्या. पातं स्वतःच्या वजनाने पडलं तर रिव्हेट ढिला आहे. असा चाकू खिशात आपोआप उघडतो.

आवळायची पद्धत अशी. रिव्हेटचं एक डोकं ऐरणीवर किंवा जाड लोखंडी तुकड्यावर टेकवा. लाकडावर टेकवू नका, ते ठोका पिऊन टाकतं. १०० ते २०० ग्रॅमच्या गोल डोक्याच्या हातोडीने वरच्या डोक्यावर तीन-चार हलके ठोके द्या. ठोके मधोमध नकोत, कडेने फिरत द्या, म्हणजे डोकं सारखं पसरतं. दर तीन ठोक्यांनी पातं उघडून पाहा. एकदम जोरात मारलं तर मुठीचा पत्रा पात्याला चिमटतो आणि चाकू उघडायला नखं मोडतात. तसं झालंच तर सांध्यात तेलाचा एक थेंब सोडून २०-३० वेळा उघडझाप करा. तरीही हलत नसेल तर सांध्याजवळ मुठीच्या दोन पत्र्यांमध्ये बांबूची पातळ पाचर हलकेच सरकवा. पितळ मऊ असतं, त्याला एवढं पुरतं.

पातं मिटताना एका बाजूला घासत असेल, तर मूठ वाकडी झालेली असते. पत्र्याला कापड गुंडाळून शिकंज्यात अगदी थोडी दाबा.

दुसरी तक्रार अशी येते की धार लावली तरी चार दिवसांत एकाच जागी बोथट होते. चाकू मिटताना धार मुठीच्या आतल्या घडीवर आपटत असते. धारेवर मार्करची रेघ ओढा, चाकू मिटून उघडा; शाई पुसली गेली तिथे ती टेकते. मुठीच्या तळाशी चामड्याची बारीक पट्टी चिकटवली की काम झालं. आणि मिटताना ‘टक्’ असा आवाज काढायचा मोह टाळा.

पातं, गंज आणि धार

चांगल्या हिगोनोकामीत मधे आओगामी म्हणजे ‘निळ्या कागदाचं’ कठीण पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड असतं. धारेजवळ दोन धातूंची रेषा नीट पाहिली तर दिसते. हे स्टेनलेस नव्हे. कैरी, लिंबू किंवा कांदा कापून तसाच ठेवला तर थोड्या वेळात काळे डाग पडतात. काळपट-निळसर डाग निरुपद्रवी, लालसर मात्र गंज. कापून झालं की पुसा, पाच मिनिटांनी पुन्हा पुसा. सांध्यात गेलेला रस दुसऱ्या पुसण्यात बाहेर येतो. कोकणातल्या पावसाळ्यात कोरडा चाकूही गंजतो, म्हणून जून ते सप्टेंबर आठवड्याला एकदा शिलाई मशीनचं तेल पात्यावर बोटभर आणि सांध्यात एक थेंब. फळं कापायचा असेल तर खोबरेल चालतं. शेंगदाण्याचं तेल नको. ते चिकट होऊन सांधा जाम करतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

पितळी मूठ कळकली तर चिंच-मिठाने लख्ख होते, पण पातं उघडून बाहेर ठेवा आणि चिंचेचं पाणी सांध्यात जाऊ देऊ नका. मूठ खरंच पितळी आहे का हे चुंबकाने कळतं: चिकटला तर पितळेच्या मुलाम्याखाली लोखंड आहे.

धारेसाठी १००० चा दगड आणि त्यावर ३००० किंवा ४००० चा (आकडा जितका मोठा, दगड तितका बारीक). १००० चा दगड दहा मिनिटं पाण्यात भिजवा. पात्याचा रुंद उतार दगडावर सपाट टेकवून दोन बोटांनी दाबा आणि सरकवा. वेगळा कोन शोधायची गरज नसते. दुसऱ्या बाजूला धारेची कड वळलेली बोटाला लागली की बाजू बदला. बांबू किंवा वाळलेलं लाकूड तासायचं असेल तर शेवटी पाठ जरा उचलून दोन्ही बाजूंना पाच-सहा हलके हात द्या, नाहीतर पातळ धारेचे कपचे उडतात. फिरत्या कोरड्या चाकावर धार लावून घेऊ नका. पात्यावर निळी झाक दिसली तर तिथलं पाणी उतरलं असं समजा, मग तो भाग धार धरत नाही.

भोक पाडायला, डबा उचकटायला किंवा बाटलीचं झाकण काढायला हा चाकू नाही. टोचताना दाब उलटा येतो आणि अंगठा सरकला की पातं बोटावर मिटतं. उचकटताना टोक मोडतं, कारण मधलं पोलाद कठीण असलं तरी ठिसूळ आहे.

टोक मोडलंच तर धारेकडून घासू नका. २२० किंवा ४०० च्या दगडावर पाणी घालत पाठीकडून घासत जा, म्हणजे धार जशीच्या तशी राहून नवं टोक तिच्यावर येतं. पातं तीन-चार मि.मी.ने आखूड होईल. ७.९ सें.मी.ची धार अशी ७.५ वर आली, तर ब्रिटनला जाणाऱ्याचा फायदाच झाला.