नागपुरात राहून जुन्या आगबोटीचा इतिहास कसा शोधावा आणि कसा जपावा

नागपूरला समुद्र नाही, तरी येथील जुन्या घरांच्या ट्रंकांमध्ये आगबोटीच्या खुणा सापडतात. कुठे विलायतेला बॅरिस्टर होण्यासाठी गेलेल्या पणजोबांनी जपून आणलेली बोटीवरील जेवणाची छापील यादी असते, तर कुठे नोकरीनिमित्त कोकणातून विदर्भात आलेल्या कुटुंबाने ठेवलेले डेकचे तिकीट असते. त्या बोटींपैकी बहुतेक बुडाल्या किंवा भंगारात निघाल्या. म्हणून घरातील हा कागद त्या बोटीचा उरलेला अंशच आहे, असे समजून कामाला लागावे.

सर्वप्रथम बोटीची ओळख पक्की करावी, कारण नुसत्या नावावर विसंबल्यास हमखास चूक होते. हाजी कासमची 'वीजळी' म्हणून गुजरातेत जिच्याविषयी आजही गाणी गायली जातात, त्या बोटीचे नोंदणीतील नाव 'वैतरणा' होते. ती नोव्हेंबर 1888 मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. याउलट, 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेली, सिंदिया या भारतीय जहाज कंपनीची 'लॉयल्टी' ही मुळात 1891 पासून प्रशांत महासागरात फिरणारी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' होती. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती रुग्णालय-जहाज म्हणून घेतली आणि तेव्हा तिचे नाव बदलले. पहिल्या बोटीला एकाच वेळी दोन नावे होती, तर दुसरीची नावे एकामागून एक आली. यातून वाट काढण्याचे उत्तम साधन म्हणजे ब्रिटिश नोंदणीतील प्रत्येक जहाजाला 1855 पासून मिळत आलेला अधिकृत क्रमांक. नाव बदलले, मालक बदलला, तरी जहाज त्या नोंदणीत असेपर्यंत हा क्रमांक बदलत नसे. तो मिळाला की बांधणीची गोदी, वर्ष, मालक आणि शेवट या साऱ्या नोंदी एका सूत्रात ओवता येतात. जहाजांची पाहणी करून त्यांची वर्गवारी ठरवणाऱ्या लॉइड्स रजिस्टर या ब्रिटिश संस्थेच्या वारसा विभागाने जहाजांचे नकाशे आणि पाहणी-अहवाल मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. शोधाची सुरुवात तेथून करावी.

त्यानंतर, किंबहुना त्याबरोबरच, घरातील वृद्धांशी बोलावे. कागद आणखी वर्षभर थांबेल, माणसाचे तसे सांगता येत नाही. प्रश्न विचारताना त्यांचेच शब्द वापरावेत आणि ऐकलेला शब्द सुधारून लिहू नये. 'बोट लागली' म्हणजे बोट धक्क्याला लागली की सांगणाऱ्या आजीला बोट लागली, म्हणजे उलट्या झाल्या, हे संदर्भावरून तिथल्या तिथे विचारून घ्यावे. ध्वनिफीत वर्षभराने ऐकताना ते कळत नाही. बोट खोल पाण्यात उभी राहून पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनारा गाठावा लागे का, डेकवर पथारी कुठे टाकत, कंपनीला लोक काय म्हणत, अशा प्रश्नांनी आठवणी मोकळ्या होतात. 'माझी आगबोट कंपनी' हे लाडके नाव ज्यांच्या तोंडी येईल, त्यांचा प्रवास इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनीच्या बोटीने झाला होता, हे त्या एका शब्दावरून समजते.

वृद्धांना तारीख आठवत नाही, तिथी आठवते. जुन्या पंचांगावरून ती ताडून पाहावी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' 17 जुलै 1947 रोजी वादळी समुद्रात कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो दिवस आषाढी अमावास्येच्या सुमाराचा, गटारीचा होता. कोकण किनाऱ्यावरील लांब पल्ल्याची वाहतूक पावसाळ्यात बंद असे. म्हणून कोणी आषाढातील बोटप्रवास सांगितला, तर तो रेवससारख्या जवळच्या बंदराचा होता का, हे अवश्य विचारावे. दुर्घटनेविषयी बोलताना घाई करू नये. सांगणाऱ्याने थांबायचे म्हटले, तर ध्वनिमुद्रण तेथेच थांबवावे.

सरकारी दफ्तरांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवल्यास बरेच हेलपाटे वाचतील. 1956 पर्यंत नागपूर हे मध्य प्रांताच्या, पुढे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. त्यामुळे मुंबई इलाख्यातील बंदरांची कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावी लागतात. विलायतेच्या प्रवासासाठी लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील 1878 ते 1960 या काळातील आगमनाच्या प्रवासीयाद्या पाहाव्यात. तेथे नाव सापडले नाही, म्हणून प्रवास झालाच नाही असा निष्कर्ष मात्र काढू नये. मुंबईहून निघालेले अनेक प्रवासी फ्रान्समधील मार्से बंदरात उतरून पुढे रेल्वेने जात आणि अशा प्रवाशांची नावे ब्रिटिश बंदरांच्या यादीत येत नसत.

वाफेचे तंत्र समजून घ्यायला मोतीबागेतील नॅरो गेज रेल्वे संग्रहालय जवळ आहे. मुलांना तेथील वाफेच्या इंजिनापाशी नेऊन एक फरक सांगावा: रेल्वेचे इंजिन वापरलेली वाफ धुराड्यातून सोडून देते, कारण वाटेत गोडे पाणी भरता येते. समुद्रावर ती सोय नाही आणि खाऱ्या पाण्याने बॉयलर खराब होतो. म्हणून आगबोटीत वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून तिचे पाणी पुन्हा बॉयलरला देतात.

आता जतनाकडे वळू. नागपूरच्या हवेत कागदाला धोका उन्हापेक्षा चढउताराचा अधिक असतो: मे महिन्यातील रखरखीत हवेत तिकीट ठिसूळ होते आणि जुलैत तेच ओल धरते. त्यात कूलरची भर पडते. ज्या खोलीत कूलर चालतो, त्या खोलीत असे कागद कधीही ठेवू नयेत. बाहेरच्या भिंतीला न टेकलेले, आतल्या खोलीतील कपाट त्यांच्यासाठी निवडावे. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते पुन्हा निघत नाही. आम्लरहित कागदाच्या पाकिटात वस्तू ठेवून पाकिटावर पेन्सिलीने लिहावे, आणि तेही वस्तू आत घालण्यापूर्वी. दोन्ही बाजू 600 डीपीआयवर स्कॅन करून प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात.

पितळी बिल्ला किंवा कुलूप असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत चिंच लावून घासू नये. कारखान्याचे कोरीव नाव त्यातच झिजते. लोखंडाचे प्रकरण अधिक अवघड आहे. ब्रिटिश अभियंता ब्रुनेलने बांधलेली, 1843 मध्ये पाण्यात उतरलेली 'ग्रेट ब्रिटन' ही बोट 1970 साली फॉकलंडहून ब्रिस्टलला परत आणली, तेव्हा तिच्या लोखंडात मुरलेल्या क्षारांमुळे गंज थांबेना. अखेर गोदीवर जलरेषेच्या पातळीला काचेचे छत घालून खालच्या हवेतील आर्द्रता सुमारे 20 टक्क्यांवर ठेवण्याचा उपाय योजावा लागला. हेच तत्त्व घरी छोट्या प्रमाणावर वापरता येते. बोटीवरील लोखंडी वस्तू घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावी, आत आर्द्रतामापक ठेवावा आणि मृग लागला की दर आठवड्याला तो पाहावा. आकडा चढू लागताच सिलिका वाळवून पुन्हा आत ठेवावी.