ब्लॅकलाईट घेताना या चुका टाळा

एका शाळेच्या गॅदरिंगला यूव्ही लाईट, म्हणजेच अंधारात खास कपडे-रंग चमकवणारे ब्लॅकलाईट, लावायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. पडदा उघडला आणि सगळं स्टेज जांभळं! पोरं जांभळी, मागचा पडदा जांभळा, पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणेसुद्धा जांभळे. चमकायला हवं होतं ते त्या जांभळ्यात बुडून गेलं.

चूक माझीच. मी वॅट बघून लाईट घेतले, नॅनोमीटर, म्हणजे उजेडाच्या तरंगलांबीचा आकडा, विचारलाच नाही. स्वस्तातले एलईडी बार बहुतेक 395 ते 400 नॅनोमीटरचे असतात आणि त्यांचा बराचसा उजेड डोळ्यांना जांभळा दिसतो. 365 चा दिवा महाग पडतो, पण त्याचा स्वतःचा उजेड जेमतेम दिसतो आणि कपडेच पेटल्यासारखे वाटतात. लहान स्टेजला 365 चे दोन बार 395 च्या चारांपेक्षा बरे, असं माझं मत.

दुकानदार 'ओरिजनल यूव्ही' म्हणाला तरी खिशातली पाचशेची नोट आणि झेरॉक्सचा कोरा कागद दिव्याखाली धरा. कागद निळसर पांढरा उजळला पाहिजे. नोटेचा कागद मात्र मंदच राहतो, तिच्यावरचे नंबर आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. गुजरीतल्या सराफाच्या पेढीवर नोट तपासतात ती हीच युक्ती. दोन्ही नुसतेच जांभळे दिसले तर तो रंगीत दिवा आहे, परत द्या.

पैसे वाया गेले तर गेले, पण एक चूक डोळ्यांवर बेतते. जंतू मारायच्या 254 नॅनोमीटरच्या नळ्यांवरही 'यूव्ही'च लिहिलेलं असतं. त्या यूव्ही-सी, म्हणजे कमी नॅनोमीटरचा घातक यूव्ही; आपल्याला हवा जास्त नॅनोमीटरचा यूव्ही-ए. यूव्ही-सीचा त्रास लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. खोक्यावर आकडा नसेल तर तो दिवा घेऊच नका. आणि यूव्ही-ए असला तरी पोरांच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर लावू नका. वरून, तिरका मारा. फार लांबही नको: अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो.

आता कपडे. 'रेडियम' लावलंय म्हणून मंडळी निर्धास्त असतात. गाडीच्या नंबरप्लेटवरचं रेडियम समोरून आलेला उजेड परत फेकतं, यूव्हीत स्वतःहून चमकत नाही. जरी-टिकल्यांचंही तेच. फ्लोरोसंट, म्हणजे यूव्ही पडला की स्वतः उजळणारं कापड आणि तसेच रंग हवेत. पांढरे शर्ट राणीपालमध्ये बुडवले तर झकास उजळतात, नुसत्या निळीनं काही होत नाही. काळ्या कपड्यांवर चिकटलेलं पांढरं लिंट (बारीक तंतू) मात्र चांदण्यांसारखं दिसतं. विंगेत रुंद चिकटपट्टीचा रोल ठेवा आणि एंट्रीआधी प्रत्येकाच्या पाठीवरून फिरवा.

तालमीला हॉलच्या ट्यूबलाईट बंद करूनच बघा. एक जरी चालू राहिली तरी परिणाम निम्मा होतो.

नवरात्रात उघड्या मैदानावर दांडिया असेल तर एक वेगळीच भानगड. पाऊस नुकताच सरलेला असतो, किडे यूव्हीवर तुटून पडतात. माझे दोन बार एकदा सरबताच्या टेबलावर होते. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून बार खाण्यापिण्यापासून लांब लावतो आणि गाणं संपलं की लगेच बंद करतो.