मापाच्या वहीची मागची पानं: ऑस्करचा अंदाज कसा बांधायचा

कोल्हापुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीची मागची पानं मी दरवर्षी ऑस्करसाठी कोरी ठेवते. २०१० पासून घरचे आणि दुकानातले मिळून आम्ही अकराजण अंदाज लावतो, आणि ज्याचे सगळ्यात जास्त बरोबर येतील त्याला बाकीचे मिसळ खायला घालतात. हे वेड लागलं भानू अथय्यांमुळे. त्या कोल्हापूरच्या. १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. भारतातून ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या. आमच्या गावातली बाई कापडाच्या जोरावर तिथवर पोचली, हे मला लहानपणी आईनं सांगितलं होतं. तेव्हापासून ही बाहुली मला परकी वाटलेली नाही.

तुम्हालाही असा खेळ घरात सुरू करायचा असेल, तर वहीत तीन रकाने आखा: मन, मत आणि शंका. ‘मन’मध्ये तुम्हाला मनापासून आवडलेलं नाव. ‘मत’मध्ये तिथले मतदार, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सभासद, ज्याला निवडतील असं वाटतं ते नाव. ‘शंका’मध्ये ऐन वेळी बाजी उलटवू शकेल असं तिसरं. मनाचा रकाना नामांकनं जाहीर होण्याआधी भरायचा, तोही शाईच्या पेनानं. एकदा बातम्या सुरू झाल्या की आपली आवड आणि लोकांची बडबड एकमेकांत गुंतते, मग ती उसवता येत नाही.

नामांकनं बहुतेक वर्षी जानेवारीत, आपल्याकडे संध्याकाळी सातच्या सुमारास जाहीर होतात. दुकानात ती गर्दीची वेळ. मी रिळांच्या डब्याला टेकवून फोन उभा करते, मशीन थांबवते, आणि हुक लावणाऱ्या दोघी मुली स्टूल ओढून शेजारी बसतात. नावं वाचून होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही, हा आमचा नियम. तो तुम्हीही पाळून बघा. पहिल्या पाच मिनिटांत तोंडातून निघतं ते फक्त ‘अरे, हिला कसं नाही घेतलं!’

हळहळ वाटणारच, वाटू द्या. पण ‘अन्याय झाला’ म्हणण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, सर्वोत्कृष्ट चित्रपट सोडला तर जागा पाचच असतात हे आठवा. तुमचा माणूस आत यायला हवा होता, तर त्या पाचातला कोण बाहेर जायला हवा होता त्याचं नाव घ्या. २०२४ साली ‘बार्बी’साठी ग्रेटा गर्विगला दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं नाही, तेव्हा मी फार चिडले होते. मग पाच नावं लिहिली: नोलन, स्कॉर्सेसी, लँथिमोस, ग्लेझर, त्रिए. खोडायला पेन उचललं आणि एकावरही टेकवता येईना.

दुसरी, मत कुणी दिलं ते बघा. नामांकनाच्या फेरीत ज्याचं काम त्याची मतं असतात. अभिनेते अभिनेत्यांना निवडतात, संकलक संकलनाला, दिग्दर्शक दिग्दर्शकांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन तेवढं सगळे मिळून ठरवतात. त्याच वर्षी पटकथाकारांनी गर्विगला पटकथेच्या यादीत घेतलं होतं आणि ‘बार्बी’ला एकूण आठ नामांकनं होती. म्हणजे ‘ऑस्करनं नाकारलं’ हे वाक्य चूक. एका शाखेनं निवडलं, दुसरीनं नाही. दिग्दर्शकांच्या शाखेचा कल बरीच वर्षं अमेरिकेबाहेरच्या दिग्दर्शकांकडे झुकलेला आहे. हे ध्यानात असलं की पुढच्या वर्षी तोच धक्का बसत नाही.

आपल्याकडे अजून एक गोंधळ होतो, तो इथेच निस्तरते. चित्रपट ‘ऑस्करला गेला’ म्हणजे त्याला नामांकन मिळालं असं नाही. परभाषेतल्या चित्रपटांच्या विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो. त्यातून आता डिसेंबरमध्ये पंधरा निवडले जातात आणि जानेवारीत पाच. ‘श्वास’ २००४ मध्ये, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ मध्ये आणि ‘कोर्ट’ २०१५ मध्ये भारतातर्फे गेले, अंतिम पाचात तिन्ही नव्हते. ‘श्वास’च्या तिकडच्या प्रचारासाठी लोकांनी पैसे गोळा केले होते, त्या दिवसांत रस्त्यावर भेटणारा प्रत्येकजण त्याबद्दल बोलायचा. पाचात पोचलेला आपला शेवटचा चित्रपट म्हणजे आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’, आणि २००२ मध्ये तो बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’पुढे हरला. ‘आरआरआर’ तर भारताची अधिकृत प्रवेशिका नव्हताच. त्याचं गाणं गाण्यांच्या विभागातून आपल्या बळावर आत गेलं आणि २०२३ मध्ये जिंकलं.

आता मताचा रकाना. नामांकनांची नुसती बेरीज करू नका. ‘ला ला लँड’ला चौदा होती म्हणून २०१७ मध्ये मी डोळे झाकून तेच नाव लिहिलं. सोहळ्यात मंचावर आधी तेच वाचलंही गेलं, मग लिफाफा चुकीचा निघाला आणि ‘मूनलाइट’ जिंकला. २०२५ मध्ये ‘एमिलिया पेरेझ’ला तेरा होती, हाती लागले दोन. उलट ‘कोडा’ला २०२२ मध्ये तीनच होती, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट तिन्ही त्यानं घेतली. आकड्यापेक्षा नामांकन कुठल्या विभागात आहे ते बघा. ‘टायटॅनिक’नंतर पटकथेचं नामांकन नसलेला एकही चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरलेला नाही. दिग्दर्शनाचं नामांकन नसताना मात्र ‘आर्गो’, ‘ग्रीन बुक’ आणि ‘कोडा’ जिंकले आहेत. म्हणून पटकथेचा कोरा रकाना मला जास्त घाबरवतो.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मतमोजणी बाकीच्या विभागांपेक्षा वेगळी असते, आणि ती कळल्याशिवाय अंदाज जमत नाही. बाकी विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकला. इथे मतदार दहा चित्रपटांना पसंतीक्रम देतात. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंत्या मिळाल्या नाहीत, तर सगळ्यात खालचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. एकजण निम्म्यापलीकडे जाईपर्यंत हे चालू राहतं.

आमच्या पोरांना हे पटेना, म्हणून मी कटिंगच्या टेबलावर अकरा चिंचोके मांडले. चित्रपटांऐवजी गोड पदार्थ घेतले आणि प्रत्येकाकडून पसंतीक्रम लिहून घेतला. गुलाबजाम चार, श्रीखंड तीन, बासुंदी तीन, जिलेबी एक. जिंकायला सहा हवेत. जिलेबी बाद झाली. जिलेबीवाली माझी जाऊ, तिची दुसरी पसंती श्रीखंड. तिचा चिंचोका तिकडे सरकवला, श्रीखंडाचे चार झाले. आता बासुंदी सगळ्यात खाली, तीही गेली. तिच्या तिघांतल्या दोघांनी दुसऱ्या नंबरला श्रीखंड लिहिलं होतं आणि एकानं गुलाबजाम. श्रीखंड सहा, गुलाबजाम पाच. पहिल्या फेरीत पुढे असलेला गुलाबजाम हरला. पुतण्या दोन मिनिटं त्या चिंचोक्यांकडे बघत राहिला, मग म्हणाला, “काकू, म्हणजे कुणाला नकोसा नसलेला जिंकतो.”

अगदी तेच. म्हणून या विभागात मी विचारते, की हा चित्रपट कुणाच्या यादीत दहावा असेल? काहींना वेड लावणारा आणि काहींना चीड आणणारा चित्रपट इथे मागे पडतो. ज्याला सगळे दुसरा-तिसरा क्रमांक देतील त्याच्यावर नजर ठेवा.

नामांकनं आणि सोहळा यांच्यामधल्या आठवड्यांत इतर पुरस्कार येत राहतात. सगळ्यांना सारखं वजन देऊ नका. गोल्डन ग्लोब पत्रकार ठरवतात, क्रिटिक्स चॉइस समीक्षक. त्यांचं ऑस्करला मत नसतं. निर्माते, दिग्दर्शक आणि अभिनेते यांच्या संघटनांमधले बरेचजण मात्र ऑस्करचेही मतदार असतात. निर्मात्यांच्या संघटनेची मोजणीही पसंतीक्रमाची, त्यामुळे ती मला जवळची. तरी तिनं ‘ला ला लँड’ निवडला होता, आणि २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ऐवजी ‘१९१७’. सगळ्यात भरवशाची दिग्दर्शकांची संघटना. १९४८ पासून तिचा विजेता आणि ऑस्करचा विजेता वेगळे निघाले ते फक्त आठ वेळा. त्या विभागात शहाणपणा करायला जाऊ नका.

अभिनयाच्या विभागांत ब्रिटनचा बाफ्टा बघा. २०१९ मध्ये ग्लेन क्लोज बाकी बहुतेक ठिकाणी जिंकत होती, बाफ्टा ऑलिव्हिया कोलमनला मिळालं आणि ऑस्करही. २०२१ मध्ये सगळ्यांच्या तोंडी चॅडविक बोसमन होता. माझ्याही वहीत, कारण त्याच्या जाण्याचं दुःख ताजं होतं. बाफ्टा अँथनी हॉपकिन्सला, ऑस्करही त्यांनाच. २०२४ ला एमा स्टोन, २०२५ ला डेमी मूरऐवजी मायकी मॅडिसन, दोघींचं तसंच. २०१६ नंतर अकादमीत अमेरिकेबाहेरचे पुष्कळ सभासद घेतले गेले, त्याचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. पण हाही नियम नव्हे. २०२३ मध्ये बाफ्टा केट ब्लँचेटला मिळालं आणि ऑस्कर मिशेल योहला. म्हणून दोन पुरस्कार दोन नावं सांगत असतील, तर एक मतात आणि दुसरं शंकेत लिहायचं.

माझ्या धंद्याच्या जवळचं थोडं सांगते. वेशभूषेत जुना काळ किंवा कल्पनेतलं जग बहुधा जिंकतं, आजच्या काळातले साधे कपडे फार क्वचित. याचं मला वाईट वाटतं. आजच्या बाईचा रोजचा ब्लाउज तिच्या स्वभावाला शोभेल असा बेतणं जास्त अवघड असतं, कारण बघणाऱ्या प्रत्येकीला त्यातलं कळतं. पण तो मनाचा रकाना झाला. मतात मी घेरदार झगेच लिहिते. रंगभूषेसाठी एक खूण उपयोगी पडते: मुख्य कलाकाराचं रूप पालटलेलं असेल आणि तो कलाकारही जिंकण्याच्या वाटेवर असेल, तर दोन्ही पुरस्कार पुष्कळदा हातात हात घालून जातात. ‘द आयर्न लेडी’, ‘डार्केस्ट अवर’, ‘द व्हेल’ आठवा.

लघुपटांचे तीन विभाग लोक अंदाजपंचे भरतात आणि मिसळ तिथेच हरतात. त्यांतले जमतील तेवढे शोधून बघा, सगळे मिळून एक-दोन संध्याकाळी लागतात. आता पात्रनिवडीचा नवा विभाग धरून चोवीस विभाग झाले आहेत. मोठ्या आठांत (चित्रपट, दिग्दर्शन, अभिनयाचे चार, पटकथेचे दोन) सगळ्यांचे अंदाज सारखेच येतात, फरक खालच्या सोळांत पडतो.

आमच्याकडे वही शनिवारी रात्री दहाला मिटते, त्यानंतर खाडाखोड नाही. सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचार किंवा साडेपाचला सुरू होतो, अमेरिकेतली घड्याळं पुढे सरकली आहेत की नाही त्यावर. बरोबर आलं त्यावर हिरव्या पेन्सिलीची टिक, चुकलं त्यावर लाल फुली. दहाला दुकान उघडायच्या आत प्रत्येक लाल फुलीपुढे एका ओळीत कारण लिहून टाका. संध्याकाळपर्यंत थांबलात तर ‘मला वाटलंच होतं’ असं वाटायला लागतं आणि खरं कारण निसटतं. २०२५ च्या पानावर डेमी मूरच्या नावापुढे मी लिहिलंय: ‘बाफ्टा बघूनही बदललं नाही, कारण तिनं जिंकावं असं मला वाटत होतं.’ ते नाव मनाच्या रकान्यात होतं तसंच मी मताच्या रकान्यात उतरवलं होतं.